कात्री राहू द्या, तारीख बदला

ताई, नमस्कार. माझं वय 56. चैत्रात आई गेली. आम्ही चार भावंडं, मी थोरली. तेराव्याला सगळे बसलेले असताना मी बोलून गेले, की आईच्या लुगड्यांच्या चार गोधड्या शिवीन आणि दिवाळीला प्रत्येकाच्या हातात एक देईन. ट्रंकेत चौदा सुती लुगडी, एक इरकल आणि एक पैठणी होती. त्यातली तीन लुगडी वहिनीनं मला न विचारता बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. गणपती गेल्यावर पहिली गोधडी घातली. चारी कडा शिवून झाल्या आणि मधे कापड पोळीसारखं फुगून बसलं. सगळं उसवलं.

दुसरं म्हणजे नानकटाई. आई दिवाळीआधी मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायची आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई भाजून आणायची. यंदा भावाकडे दिवाळी नाही. मला वाटलं, आईसारखी नानकटाई घरी करून चाळीस घरांत वाटावी. ओव्हन घेतला. पहिला घाणा पसरून एकमेकांत मिसळला, दुसऱ्याचे दगड झाले. सून म्हणते, आई, दोन्ही विकत मिळतं, कशाला जीव काढता? रात्री झोप लागत नाही. लुगड्याला कात्री लावायची म्हटलं की हात थरथरतो. दोन्ही कामं दिवाळीपर्यंत कशी पुरी करू?

– थोरली, कराडजवळून

थोरल्या ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. दोन्ही कामं दिवाळीपर्यंत पुरी होणार नाहीत. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. आकडेमोडच तशी आहे, आणि मी ती वहीच्या मागच्या पानावर करून पाहिली.

साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद अशी एकट्यापुरती गोधडी धरू. दोन बोटं अंतर सोडून धावदोरा घातला तर रुंदीत साधारण 32 ओळी बसतात. एकेक ओळ साडेसहा फुटांची, म्हणजे 208 फूट टाका. हात बसलेली बाई तासाला बारा-पंधरा फूट सहज ओढते. तुम्ही पहिल्यांदाच बसलाय, तर आठ-दहा फूट धरा. म्हणजे एका गोधडीला वीस ते पंचवीस तास गेले. धुणं, अंथरणं, कच्चे टाके घालणं याचा अर्धा दिवस वेगळाच. चार गोधड्यांचे शंभर तास. रोज दोन तास बसलात, एकही दिवस चुकवला नाहीत, तरी पन्नास दिवस. गणपती विसर्जनापासून धनत्रयोदशीपर्यंत जेमतेम सहा आठवडे असतात, त्यातले काही उसवण्यात गेले, आणि मधे घटस्थापना, दसरा आहेच. त्यात चाळीस घरांची नानकटाई. तेराव्याला माणूस बोलून जातं, त्या वेळी कुणी कॅलेंडर बघत नाही.

शिवाय गोधडी हे दिवाळीचं काम कधीच नव्हतं. आपल्याकडे गोधड्या घालायच्या त्या उन्हाळ्यात. सुगी आटोपलेली, रानातलं काम थांबलेलं, अंगण कोरडं, दुपार लांब. चार बायका पाय पसरून चार बाजूंनी बसायच्या. नवरात्राआधी गोधड्या धुवायची वेळ असते, शिवायची नव्हे. नदीवर ओझं न्यायचं, आपटायचं, खडकावर वाळत घालायचं. भिजलेली गोधडी उचलायला दोघी लागतात हे तुम्हाला कराडकडचं माणूस म्हणून मी काय सांगू! कृष्णा-कोयनेच्या काठावर तुमचं अर्धं बालपण गेलं असेल.

तर माझा सल्ला असा: दिवाळीला नानकटाई, गोधड्या चैत्रात. आईचं वर्षश्राद्ध चैत्रातच येईल. चारी भावंडं त्या घरात जमणारच आहात. हवा कोरडी, ऊन कडक. गोधडीला यापेक्षा बरा मुहूर्त मिळायचा नाही. भावंडांना आजच निरोप धाडा, की दिवाळीला होत नाही, वर्षश्राद्धाला सगळे मिळून घालू. कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही रात्री जागताय तेवढं त्यांना ते आठवतही नसेल.

आता कापडाकडे वळू. कात्रीची भीती वाटते म्हणालात. कात्री मुळात लागतच नाही. लुगडं नऊ वार, म्हणजे 27 फूट. त्याच्या आडव्या चार घड्या घाला, एक इकडे, एक तिकडे, पंखा दुमडतो तशा. प्रत्येक घडी पावणेसात फुटांची होते. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याची, जवळपास चार फूट. एक अख्खं लुगडं न कापता गोधडीचे चार थर होऊन बसतं. टाके आत घेतात, कापड थोडं आटतं, म्हणून हाती साडेसहा फूट येते. काठ आपोआप दोन्ही लांब बाजूंना जातात आणि गोधडीला फुकटची किनार मिळते. अडचण एकच. चार थरांचे चार काठ एकावर एक आले की तिथे सुई शिरत नाही. म्हणून प्रत्येक घडी आधीच्या घडीपेक्षा बोटभर आत सरकवा. वरून आणि खालून दुसऱ्या लुगड्याचा, हाताने फाडून घेतलेला, एकेक थर घाला. असे सहा थर पुरे. आठ-दहा थर घालणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांची बोटंही पाहिलीत.

सहा थर म्हणजे दीड लुगडं. चार गोधड्यांना सहा लुगडी. तुमच्याकडे अकरा आहेत. बोहारणीकडे गेलेल्या तिघींची हिशेबाला गरजच नाही.

कुठली निवडायची, तर सगळ्यात विटलेली. रोजची, चुलीपुढची, धुऊन धुऊन जाळीदार झालेली. मालेगाव, इचलकरंजीकडचं साधं सुती लुगडं वापरून जेवढं मऊ होतं तेवढं नवं कापड पैसे टाकूनही मिळत नाही, आणि सुई त्यातून लोण्यातून गेल्यासारखी जाते. विरलेली जागा दिसली तर त्यावर ठिगळ लावा, ते लपवायची गरज नाही. ठेवणीतलं चांगलं लुगडं वरच्या थराला वापरावं हा मोह होईल. आवरा. ज्या लुगड्यात आई तुम्हाला आठवते ते ठेवणीतलं नसणार.

पैठणी गोधडीत घालू नका. जर टोचते, तुटते, आणि रेशीम नदीच्या धुण्यात टिकत नाही. ती तशीच राहू द्या, घरातल्या लग्नकार्यांत आळीपाळीने नेसा. इरकलीचं जरा वेगळं आहे. तिचं अंग सुती असलं तरी पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, आणि सुती व रेशीम धुतल्यावर एकसारखे आटत नाहीत. पदराजवळ कायमच्या चुण्या पडतात. घालायचीच असेल तर अंगाचा भाग घाला, पदर काढून ठेवा. इथे मात्र कात्री लागेल. ती तुम्ही लावू नका, धाकट्या भावंडाला लावू द्या. थोरल्यांचा हात अशा वेळी जास्त थरथरतो.

पहिली गोधडी का फुगली, तेही सांगते. तुम्ही आधी चारी कडा बंद केल्यात. आतले थर सैल होते, त्यांना बाहेर जायला वाट उरली नाही, मग ते मधे गोळा झाले. कडेपासून आत शिवत येणं चुकीचं नाही बरं का. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने फिरत मध्यावर येतात. कोपऱ्यांत त्रिकोणी घडीचं कापड लावतात, त्याला फूल म्हणतात. पण त्या वरची ठिगळं शिवता शिवताच लावत जातात, त्यामुळे सैलपणा मधे साचत नाही. तुमची अख्खी लुगडी आधीच अंथरलेली, तिथे ती रीत चालायची नाही.

तुमच्यासाठी रीत अशी. लुगडी आधी धुवा, खळ असेल तर पार निघू द्या. रंग जातो का बघायला ओलं पांढरं फडकं काठावर दाबून चोळा. फडक्यावर रंग उतरला तर ते लुगडं वेगळं धुऊन पुन्हा पाहा, आणि तरी उतरत असेल तर बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. मी एका लाल खणाला ओंजळभर मीठ पाजलं होतं. त्याने माझ्या सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतराचा गुलाबी उपरणा केला. सासरे बिचारे काही बोलले नाहीत, दोन दिवस तो खांद्यावर टाकून फिरले.

मग स्वच्छ फरशीवर खालचा थर ताणून अंथरा आणि चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा. वरवंटा, पाटा, विटा, काहीही चालेल. प्रत्येक थर घातला की मधून बाहेर तळहाताने सपाट करत जा. सगळे थर झाले की मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घाला, वीतभर अंतराने, आधी अधिक चिन्हासारखे, मग तिरके. हा दोरा नंतर उपसून टाकायचाय, तेव्हा टाके लांब असू द्या, पण ही पायरी गाळू नका. हे पुरं झालं की धावदोरा कडेने घाला नाहीतर उभ्या ओळींत, कापड हलत नाही.

दोरा जाड सुती, दुहेरी. लांबी हातभर, त्याहून जास्त नको. मोठा दोरा घेतला की सुई कमी वेळा ओवावी लागेल असं वाटतं, आणि मग निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या. गाठ वर दिसू देऊ नका, थरांत सरकवा. अंगुस्तान वापरा. पहिले दोन दिवस ते बोटात परकं वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय चैन पडत नाही. दाभण वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते पोत्यांसाठी. मऊ कापडाला त्याची भोकं पडतात.

एका गोष्टीचं मात्र पत्रात नावच नाही. तुमच्या घरी सून आहे, पुढेमागे नातवंड होईल, तेव्हा गोधडीतून उरलेल्या कापडाचं काहीतरी करावंसं वाटेल. बाळासाठी गोधडी करू नका. दोन थरांचं पातळ दुपटं करा, गुंडाळायला आणि खाली घालायला. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळाच्या अंगावर जड किंवा सैल पांघरूण टाकू नये, तोंडावर येण्याची भीती असते. आणि त्यात नायलॉन, जॉर्जेट नको. घाम शोषत नाही, ठिणगी पडली तर वितळून चिकटतं.

सून म्हणते विकत मिळतं, तेही खोटं नाही. गावोगावी बचत गटाच्या बायका आपली कापडं घेऊन गोधडी शिवून देतात, आणि त्यांचे टाके माझ्या-तुमच्या टाक्यांपेक्षा सरळ असतात. चारांतली एक-दोन त्यांच्याकडे द्यायला काहीच हरकत नाही. लुगडं आईचंच राहतं, आणि शिवणारीच्या घरी चार पैसे जातात. फक्त मशीनवर शिवून घेऊ नका. सहा मऊ थरांवर घरच्या मशीनचा पाय कापड पुढे ढकलत राहतो आणि पुन्हा तुमची ती पोळी फुगते.

नानकटाईकडे येते. इथे मला थोडं वाईट बोलायचंय. तुमच्या आईची नानकटाई बहुतेक साजूक तुपाची नसावी. तूप म्हणून त्या काळी बेकरीत जायचा तो पुष्कळदा डालड्याचा डबा असे. डालडा उन्हाळ्यातही घट्ट राहतो, म्हणून नानकटाई भट्टीत गेली की आधी आकार धरायची, मग फुलायची. साजूक तूप त्याच्यापेक्षा लवकर पातळ होतं. तुम्ही आईचंच माप घेतलंत, त्यात साजूक तूप घातलंत, आणि वर ऑक्टोबरचा उकाडा. पहिला घाणा पसरणारच होता. दुसऱ्या वेळी घाबरून तूप कमी केलंत, गोळा जुळेना, मग पाण्याचा किंवा दुधाचा हात लावलात आणि कणकेसारखं मळलंत. बरोबर? मैद्याला पाणी लागलं आणि मळलं की चिवटपणा येतो. पोळीला तो हवा असतो, नानकटाईला नको. तुपाने पिठाच्या कणाकणावर लेप धरला तरच ती तोंडात विरते.

माप लिहून घ्या, वजनाचं आहे, वाट्यांचं नाही. मैदा 200 ग्रॅम, बेसन 50, बारीक रवा 25, पिठीसाखर 125, साजूक तूप 140, बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. तूप रवाळ, घट्ट हवं. वितळवलेलं नको. आधी तूप आणि साखर हाताने फेसा, तळहाताने परातीत घासत, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. याला दहा मिनिटं लागतात आणि यातच सगळी नानकटाई आहे. मग पिठं चाळून घाला आणि गोळा फक्त जुळवून घ्या. मळायचं नाही. जुळत नसेल तर चमचाभर तूप घाला. पाण्याच्या तांब्याकडे बघायचंही नाही. वीस ग्रॅमच्या पेढ्यांएवढ्या गोळ्या करा, किंचित दाबा, ट्रेसकट वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ओव्हन 170 डिग्रीवर दहा मिनिटं तापवून मधल्या कप्प्यात पंधरा ते अठरा मिनिटं. कडा आणि बूड बदामी झालं की काढा, वरून गोरीच राहू द्या. बाहेर काढताना ती मऊ लागेल. कच्ची राहिली म्हणून पुन्हा आत ढकलू नका, दगड होण्याचा तो दुसरा रस्ता. ट्रेवरच गार होऊ द्या, गार झाल्यावर ती खुसखुशीत होते.

ओव्हन नसणाऱ्या वाचकांसाठी: जाड बुडाच्या कढईत मिठाचा किंवा वाळूचा थर, त्यावर रिंग, त्यावर ताटली, घट्ट झाकण. मंद आचेवर आधी दहा मिनिटं तापवायची, मग वीस-पंचवीस मिनिटं. होते छान, पण एका वेळी आठच.

आता चाळीस घरं. घरटी बारा धरल्या तर 480 नानकटाया. वरच्या मापात सत्तावीस होतात, म्हणजे अठरा घाणे. घरच्या ओव्हनच्या ट्रेवर बारा बसतात, म्हणजे चाळीस ट्रे आणि दहा ते बारा तास नुसतं भाजणं. या उकाड्यात. अहो, कशासाठी?

आई काय करायची ते तुम्हीच लिहिलंय. सामान घेऊन बेकरीत जायची. घरी भट्टी नव्हती म्हणून नाइलाजाने जायची असं तुम्ही धरून चाललाय, पण नानकटाई कधी घरच्या चुलीची नव्हतीच. तिची कूळकथा सुरतेची सांगतात, डच व्यापाऱ्यांसाठी भट्टी चालवणाऱ्या पारशी कारागिरांची. जन्मापासून ती भट्टीचं लेकरू. आमच्या गल्लीतल्या बेकरीत पाव निघाले की भट्टीची आच उतरायची आणि मग घराघरांतले ट्रे आत जायचे. आम्ही पोरं डबा धरून ओळीत उभी. कुणाच्या गोळ्या कुठल्या हे ओळखू यावं म्हणून माझी आई प्रत्येकीवर चारोळी लावायची, शेजारच्या काकू काट्याने रेघा ओढायच्या. तरी एका वर्षी डबे बदलले आणि काकूंनी आमच्या नानकटाया खाऊन वर त्यांना नावं ठेवली.

तालुक्याच्या गावांत अशा बेकऱ्या अजून आहेत. दिवाळीच्या आठवड्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून दहा-बारा दिवस आधी जाऊन विचारा, बाहेरचं सामान भाजून देता का, मजुरी काय घेता. अठरा घाण्यांना मैदा 3.6 किलो, बेसन 900 ग्रॅम, रवा 450 ग्रॅम, पिठीसाखर सव्वादोन किलो आणि तूप अडीच किलो लागेल. फेसण्यापर्यंतचं घरी करून नेऊ नका, वाटेत तूप पातळ होतं. भाजलेल्या नानकटाया पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, पंधरा दिवस उत्तम राहतात. चकली-चिवड्याच्या डब्याशेजारी उघडा डबा ठेवू नका. नानकटाई दुसऱ्याचा वास फार पटकन घेते. लसणीच्या शेवेचा वास लागलेली नानकटाई मी एकदा खाल्ली आहे, यजमानीणबाई समोरच बसल्या होत्या.

आणि चाळीस घरांची वीस केलीत तरी चालेल. नव्या ओव्हनचा राग मानू नका, त्यात एक घाणा घरच्यासाठी करा. त्या ओव्हनपुढे सुनेला उभी करा.

राहता राहिली वहिनी. पत्र मी तीन वेळा वाचलं. त्यात चार भावंडं आहेत, चार गोधड्या आहेत. ट्रंक मात्र वहिनीच्या घरात होती. म्हणजे आईही त्याच घरात होत्या. शेवटच्या दिवसांत ती लुगडी धुतली कुणी, वाळत घातली कुणी, घड्या कुणी घातल्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि न लिहिताही मला दिसतंय. तीन लुगडी बोहारणीला गेली त्याचं तुम्हाला दुःख झालं हे मी समजते. बोहारीण दारात येते, जुनेर मागते, घासाघीस होते, डबा घेतला जातो. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच होत आलं असेल, आणि तुमच्या आईनेही आपल्या सासूची लुगडी देऊन पातेली घेतली असतील. वहिनीला ती जुनी कापडं होती आणि तुम्हाला आई. तेराव्याला तुम्ही गोधड्यांचं बोललात ते आधी की बोहारीण आधी आली, हेही पत्रात नाही. आधी आली असेल तर रागाला जागाच नाही. नंतर आली असेल तर थोडी आहे, पण ती तीन लुगडी काही परत येत नाहीत.

माझ्या हिशेबाने गोधड्या पाच व्हायला हव्यात. पाचवी भावाच्या घरासाठी म्हणून नको, वहिनीच्या नावाची. तिला ती देताना नाव घेऊन द्या. पाच गोधड्यांना साडेसात लुगडी, म्हणजे तरीही साडेतीन उरतात.

यंदा त्या घरी दिवाळी नाही. पहिल्या वर्षी कढई चढवत नाहीत, फराळ बाहेरून येतो, हे आपल्याकडे बहुतेक घरांत पाळतात. चकली, करंजी इतर नातेवाईक देतीलच. तुम्ही नानकटाईचा डबा न्या, पत्र्याचाच मिळाला तर बघा. तळणाचा प्रश्न नाही आणि त्या घरात दर दिवाळीला ती असायचीच. वसुबारसेच्या आसपास, दुपारी, वहिनी एकटी असते त्या वेळी जा. लुगड्यांचा विषय काढू नका. चैत्रातल्या गोधड्यांचं मात्र तिला सगळ्यांच्या आधी सांगा आणि विचारा, की आई कुठलं लुगडं जास्त नेसायची. तुम्ही सासरी, तुम्हाला माहेरपणाच्या दिवसांतली लुगडी आठवतात. रोजचं लुगडं कुठलं हे तिलाच माहीत असणार. स्टीलच्या त्या नव्या डब्यात तिने काय भरून ठेवलंय तेही सहज दिसेल. दिसलं तरी काही बोलू नका.

चैत्रात चौघं भावंडं चार कोपरे धरून थर ताणा. हे काम एकट्या बाईचं नाहीच, तुम्ही एकटीने घातलीत म्हणूनही पहिली फुगली. भाऊ म्हणतील, आम्हाला काय येतंय त्यातलं. त्यांना वजनं ठेवायला आणि सुया ओवायला बसवा. चाळिशी लागलेल्या माणसांना सुई ओवायला दिली की घर एकदम गप्प होतं.

बसताना किती सुया काढल्या ते मोजा आणि उठताना तेवढ्याच परत डबीत आल्या का ते बघा. सहा थरांत हरवलेली सुई कधी वर येईल सांगता येत नाही. आमच्याकडे 2011 सालच्या गोधडीतली एक अजून यायची आहे.